साहेबांच्या टेबलावरून जाणारा कागद

कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, भाऊ अग्निशमन दलात आहे. समाजकार्याच्या (एमएसडब्ल्यू) प्रबंधासाठी मला लष्करातले जवान आणि आपत्कालीन सेवेतले कर्मचारी मानसिक त्रासासाठी मदत का घेत नाहीत, हे शोधायचं आहे. पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली), पीटीएसडीची (आघातानंतरच्या तणावविकाराची) प्रश्नावली आणि मानसिक आजाराचा कलंक मोजायची मोजपट्टी मिळून ७४ प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे. व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकून ३०० उत्तरं मिळवायची आहेत. पद्धत बरोबर आहे का?’

तो फॉर्म अजून पाठवला नसेल तर थांबा. का, ते माझ्याच एका फसलेल्या कामावरून सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शहराच्या अग्निशमन दलात आम्ही जवानांकडून असेच फॉर्म भरून घेतले. परवानगी रीतसर होती, वरून आदेशही गेले होते. स्टेशनातल्या वर्गात बाकं मांडली, जवान रांगेत बसले, केंद्र अधिकारी सौजन्याने दारात उभे राहिले. दोन तासांत गठ्ठा हातात. घरी येऊन गुण काढले तर दिसलं की, त्या शहरातली सगळ्यात सुखी, शांत झोपणारी माणसं बहुधा बंबावरच कामाला आहेत. काही फॉर्मांवर तर ‘अजिबात नाही’च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच रेघ ओढलेली. आठवड्याने त्याच स्टेशनाबाहेरच्या टपरीवर एक लिडिंग फायरमन भेटले. चहा पिता पिता म्हणाले, ‘मॅडम, तो कागद साहेबांच्या टेबलावरून जाणार होता ना?’ मग कुठल्याशा इमारतीतून काढलेल्या एका लहान मुलाबद्दल ते वीस मिनिटं बोलले. ती वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला तो कॉल, नऊ वर्षांपूर्वीची होती. फॉर्मात त्यांचा गुण शून्य.

हा अनुभव फक्त माझा नाही. अमेरिकी लष्कराच्या एका ब्रिगेडमधले सैनिक इराकहून परतल्यावर त्यांची नेहमीची, नावानिशी होणारी आरोग्यतपासणी झाली. नंतर त्याच ब्रिगेडमध्ये निनावी फॉर्म भरून घेतले. निनावी फॉर्ममध्ये नैराश्य, पीटीएसडी, आत्महत्येचे विचार आणि मदतीची इच्छा, सगळ्याचंच प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त निघालं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा तुमच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न त्रास किती, हा नाही. खरं उत्तर दिलं तर आपलं काय होईल, असं उत्तर देणाऱ्याला वाटतं, हा आहे. आणि गंमत म्हणजे ‘मदत का घेत नाहीत’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. डॉक्टरसमोर गप्प बसणारा माणूस तुमच्या फॉर्मसमोरही त्याच कारणाने गप्प बसतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचं तर विचारूच नका. त्या ग्रुपमध्ये सुभेदार साहेबही असतात आणि स्टेशन ऑफिसरही. गूगल फॉर्म ईमेल गोळा करत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. आणि लिंक पाठवणाऱ्या मुलीचा भाऊ याच खात्यात आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता मदत मागितली तर काय किंमत मोजावी लागते, तिकडे येऊ. या विषयावरचे आपल्याकडचे बहुतेक प्रबंध ‘जनजागृतीचा अभाव’ आणि ‘कलंक’ या दोन शब्दांवर उरकतात. माझा त्या दोन्हींवर फारसा विश्वास उरलेला नाही. भारतीय लष्करात वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीने ठरते: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. त्यातला पहिलाच एस मानसिक स्थितीचा. तो एक या सगळ्यात वरच्या श्रेणीवरून खाली आला की माणूस ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर बढतीसाठी शेप-१ लागतं. लष्करात जवानाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं झालं की युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून एएफएमएसएफ-१० नावाचा अहवाल मागवला जातो. म्हणजे ‘झोप लागत नाही’ एवढं सांगायला एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) गेलेल्या माणसाबद्दल त्याचा साहेब कागदावर मत लिहिणार. त्याचं हत्यार काढून घेतलं तर संध्याकाळच्या हजेरीपर्यंत अख्ख्या कंपनीला कळणार. यातली प्रत्येक पायरी सुरक्षेच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे, मी तिला वाईट म्हणत नाही. पण हे सगळं ठाऊक असलेला हवालदार गप्प राहतो तेव्हा त्याला जागृती कमी आहे असं म्हणणं जरा उद्धटपणाचंच. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. बढतीला दोन वर्षं, पेन्शनला चार, मुलीचं लग्न पुढच्या वर्षी, असा हिशोब त्याने केलेला असतो.

अग्निशमन दलात श्रेणीचा प्रश्न इतका कडक नाही. तिथे भीती वेगळी: ‘गाडीवरून उतरवतील.’ वर्दीवर न पाठवता कंट्रोल रूमला किंवा कार्यालयात बसवतील, आणि पाळीतली बाकीची माणसं आपल्यावर भरवसा ठेवणार नाहीत. १०८ च्या रुग्णवाहिकेवरच्या चालकाचं आणि डॉक्टरचं आणखी निराळं. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिथली माणसं कंत्राटी. त्यांच्याशी बोलताना बढतीचं नाव निघत नाही, बुडालेल्या दिवसाच्या पगाराचं निघतं. तिन्ही गट एका फॉर्ममध्ये घालून ‘आपत्कालीन कर्मचारी’ अशी एकच सरासरी काढलीत तर हे तिन्ही हिशोब एकमेकांत विरघळून जातील आणि हाती येईल ते कोणाचंच नसेल. दोनच गट घ्या. मी तुमच्या जागी असते तर निवृत्त सैनिक आणि अग्निशमन दल निवडलं असतं.

कलंकाच्या मोजपट्टीबद्दल. २००४ मध्ये इराक-अफगाणिस्तानहून आलेल्या अमेरिकी सैनिकांवरचा जो अभ्यास गाजला, त्यात मानसिक विकाराचे निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी फक्त २३ ते ४० टक्क्यांनी मदत घेतली होती. आणि ज्यांना त्रास होता त्यांनाच ‘लोक मला दुबळा समजतील’ याची धास्ती इतरांच्या सुमारे दुप्पट होती. त्यानंतर जगभर कलंकाच्या मोजपट्ट्यांचं पीक आलं. पण पुढे लष्करी अभ्यासांचे एकत्रित आढावे झाले तेव्हा दिसलं की, कलंकाचा गुण जास्त असलेली माणसं मदत कमी घेतात असं काही ठामपणे म्हणता येत नाही. कित्येकदा दोन्हींचा संबंध फिकाच निघतो. त्यापेक्षा ‘माझं मी बघून घेईन’ ही भावना जास्त आडवी येते, आणि ती फक्त सैनिकांत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय पाहण्यांत सामान्य लोकांतही दिसली. ऑस्ट्रेलियात पोलीस आणि आपत्कालीन सेवेतल्या २१ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे सहकाऱ्याला नावं ठेवणारे अगदी थोडे निघाले, पण आपल्याला नावं ठेवतील म्हणून धसकलेले भरपूर. हे आपल्या स्टेशनांतही तपासून बघण्यासारखं आहे, आणि त्याला दोन साधे प्रश्न पुरतात: तुमच्या पाळीतला कोणी मानसोपचार घेत असेल तर तुम्हाला काय वाटेल? तुम्ही घेत असाल तर पाळीला काय वाटेल? दोन उत्तरांतलं अंतर मोजा.

शिवाय ‘कलंक’ हा शब्द प्रबंधाबाहेर कोणी वापरत नाही. पुण्याकडे ‘याला येरवड्याला न्या’ म्हणतात, मुंबईकडे ‘ठाण्याला भरती करा’. लष्करातून आलेली माणसं ‘सायको केस’ म्हणतात, तेही हसत. नैराश्याला ‘टेन्शन’, धडकीला ‘गॅस’, आणि दारूला ‘थोडी रम घेतो झोपेसाठी’. आधी पाच-सहा जणांशी बोलून हे शब्द गोळा करा, मग प्रश्न लिहा. ‘तुम्हाला गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का?’ याला माझ्या अनुभवात जवानाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘रात्री किती वाजता जाग येते?’ याला मात्र मिनिटांसकट उत्तर मिळतं.

पीटीएसडीच्या प्रश्नावलीत एक मोठी अडचण आहे. पीसीएल-५ या नेहमीच्या प्रश्नावलीत २० प्रश्न आहेत आणि ते एका ‘सर्वांत वाईट’ घटनेभोवती गुंफलेले आहेत. वीस वर्षं बंबावर काढलेल्या माणसाला एक घटना निवडायला सांगा, तो तुमच्याकडे बघत राहतो. २०१९च्या महापुरातली नाव? पंचगंगेतून काढलेले मृतदेह? हायवेवरची ट्रॅव्हल्स? मनोविकारांचे निकष ठरवणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तिकेने २०१३ मध्ये हे मान्य केलं. कामाचा भाग म्हणून मृतदेहांचे अवशेष गोळा करणं किंवा भयानक तपशिलांना वारंवार सामोरं जाणं हेही आघातात धरलं जातं. तेव्हा घटनेऐवजी ‘कोणती वर्दी अजून डोक्यात येते’ असं विचारा. दोन-तीन सांगू द्या, त्यातली एक त्यांनाच निवडू द्या.

आणि गुण काढल्यावर ‘इतक्या टक्के जवानांना पीटीएसडी आहे’ असं कृपा करून लिहू नका. समजा खरं प्रमाण ८ टक्के आहे आणि तुमची प्रश्नावली आजारी माणसांपैकी ८० टक्के बरोबर पकडते, निरोगींपैकी ८५ टक्के बरोबर सोडते. १००० जणांत ८० आजारी, त्यातले ६४ सापडले. ९२० निरोगी, त्यातले १३८ चुकून अडकले. म्हणजे २०२ जण ‘पॉझिटिव्ह’ आणि त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त आजारी नाहीतच. वर्तमानपत्रातली बातमी मात्र ‘२० टक्के जवान मानसिक आजारी’ अशी होईल, आणि ज्यांनी विश्वासाने उत्तरं दिली त्यांना ती घरी वाचावी लागेल.

आकड्यांवरून आणखी एक. २०२४च्या अखेरीस संसदेत सांगितलं गेलं की, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या ७३० जणांनी आत्महत्या केली. संख्या साधारण दहा लाखांची धरली तर वर्षाला लाखामागे चौदा-पंधरा. देशाचा २०२२चा दर १२.४ आहे, म्हणून ‘जवानांत प्रमाण जास्त’ असं कोणीही पटकन लिहील. पण ही दलं जवळपास पुरुषांची. देशातल्या त्या वर्षीच्या १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या, म्हणजे फक्त पुरुषांचा दर काढला तर तो सतरापर्यंत जातो. आता जवानांत कमी? तसंही नाही. भरतीच्या वेळी धडधाकट, निवडलेली माणसं घेतली जातात, त्यांच्यात प्रमाण बरंच कमी असायला हवं होतं. तुलना कोणाशी करता, यावर निष्कर्ष दोनदा उलटतो. मला या आकड्यांपेक्षा गृह मंत्रालयाच्या कृतिदलाचं एक निरीक्षण जास्त कामाचं वाटतं: यातल्या ८० टक्क्यांहून अधिक आत्महत्या रजेवरून परतल्यावर झाल्या होत्या. तुमच्या वडिलांना विचारा, रजा संपवून रेल्वेत बसल्यापासूनचा पहिला आठवडा कसा जायचा. निवृत्त सैनिकांच्या मुलाखतीत हा एक प्रश्न घातलात तर ७४ प्रश्नांत नसलेलं बरंच काही मिळेल. माझ्याकडे तो विचारला की बहुतेकदा जमिनीचा वाद निघतो. भावकीने बांध सरकवला, बायको एकटी तहसीलच्या चकरा मारते, आणि हा हजार मैलांवर.

इथे तुमच्या प्रबंधाचं खरं बीज आहे असं मला वाटतं. हाच माणूस मनाच्या त्रासासाठी एमआय रूममध्ये जाणार नाही, पण कमांडिंग ऑफिसरसमोर उभा राहून ‘साहेब, कलेक्टरला एक पत्र द्या’ असं न लाजता म्हणेल. त्या पत्राने त्याची झोप परत येते. ही मदत मागणंच आहे, आपल्या प्रश्नावलीत तिला रकाना नाही एवढंच. ब्रिटिश सैन्यावरच्या २०१०च्या एका अभ्यासात मानसिक विकार असलेल्या, सेवेत असणाऱ्यांपैकी जेमतेम २३ टक्के वैद्यकीय मदत घेत होते, पण पाद्र्यासारख्या बिगर-वैद्यकीय माणसांकडे जाणारे त्याहून पुष्कळ होते. आपल्या पलटणीतही धर्मगुरू असतात, जवान त्यांना पंडितजी म्हणतात. तेव्हा ‘मदत घेतली का: हो/नाही’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: सगळ्यात आधी कोणाला सांगितलं? त्याने काय केलं? मग कोणाकडे गेलात? कुठे थांबलात आणि का? बडी (जोडीदार जवान), पंडितजी, बायको, गावचा डॉक्टर, मेडिकलवाल्याकडून आणलेल्या झोपेच्या गोळ्या, देवऋषी, रम, असा प्रत्येकाचा रस्ता कागदावर काढा. पंचवीस माणसांचे असे रस्ते नीट काढलेत तर ते ३०० फॉर्मांपेक्षा वजनदार काम होईल. ३०० च्या आकड्याचा मोह सोडा. २०२१च्या सुरुवातीला निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र तणावात असल्याचं सांगणारा एक अहवाल गाजला, तेव्हा नमुना ४०० चाच असल्याचा आक्षेप आला. खरं तर ४०० माणसं नीट निवडली असतील तर दहा-बारा लाखांच्या सैन्याबद्दलही पुष्कळ सांगतात. ती कशी निवडली, हा प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्या व्हॉट्सॲपच्या ३०० जणांबद्दल परीक्षक तोच विचारतील.

परवानगीचं सांगते. सेवेतल्या सैनिकांवर बाहेरच्या विद्यार्थ्याला अभ्यास करू देणं जवळपास अशक्य आहे, त्यात वर्ष घालवू नका. ओळखीच्या जवानांकडून गुपचूप फॉर्म भरून घेणं तर मुळीच नको. अडचणीत तुम्ही येणार नाही, ते येतील. निवृत्तांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) पॉलिक्लिनिक या दोन जागा आहेत. अग्निशमन दलासाठी महापालिका आयुक्त आणि मुख्य अग्निशमन अधिकारी यांची लेखी परवानगी लागेल, पण पत्रात स्पष्ट लिहून घ्या की कोण बोललं, कोण नाही, हे प्रशासनाला कळवलं जाणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांनुसार, नकार दिल्यास वरिष्ठांकडून त्रास होईल अशी भीती असलेली माणसं असुरक्षित गटात मोडतात. संमतीपत्र वरिष्ठांच्या उपस्थितीत घेतलं की त्याचा अर्थ संपला. भावाचं स्टेशन पूर्ण वगळा. १४ एप्रिलपासूनचा आठवडाही वगळा. १९४४च्या मुंबई गोदीच्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सेवा सप्ताह असतो. हार, भाषणं आणि प्रात्यक्षिकं चालू असताना कोणी स्वतःच्या झोपेबद्दल बोलत नाही.

अधिकाऱ्यांना मात्र वगळू नका. सगळे अभ्यास शिपाई-जवानांवर थांबतात. २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. पुढे उभं राहून हुकूम देणारी माणसंही त्याच धुरात असतात, आणि ती कोणाशी बोलतात हे विचारायला सहसा कोणी जात नाही.

सगळ्यात नाजूक बाब पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, हा. निनावी गूगल फॉर्मवर रात्री अडीच वाजता कोणी ‘रोज’ असं टिचकलं तर तुम्ही काय करणार? नाव नाही, नंबर नाही. उत्तर नसेल तर प्रश्न विचारू नये. समोरासमोरच्या मुलाखतीत विचारा, आणि त्याआधी एक मनोविकारतज्ज्ञ फोनवर उपलब्ध राहील असं ठरवून ठेवा. गोपनीयता कुठे संपते तेही आधीच सांगा: ‘जीव धोक्यात आहे असं मला वाटलं तर मी एका डॉक्टरशी बोलेन, तुमच्या साहेबांशी नाही.’ हे वाक्य ऐकून काही जण बोलायचं थांबतील. थांबू द्या. बाकीचे त्यामुळेच बोलतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २३ उपचारातली गोपनीयता हक्क म्हणून देतं, हेही पुष्कळांना नवं असतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर छापून द्या. लष्करासाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) डिसेंबर २०२३ पासून आहे. निवृत्तांना तो सांगितला की ते सेवेतल्या पोरांना सांगतात.

अभ्यासाच्या बदल्यात काहीतरी द्यावं म्हणून घटनेनंतर सगळ्यांना गोल बसवून बोलतं करण्याचं सत्र तुमचे गाइड सुचवतील. ते टाळा. एकाच सत्रातलं असं सक्तीचं ‘डीब्रीफिंग’ पीटीएसडी रोखत नाही आणि काहींना अपाय करू शकतं, असं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात वीस वर्षांपूर्वीच आलं आहे. द्यायचंच असेल तर पाळीच्या वेळापत्रकात बसणारी झोपेची साधी माहिती द्या, त्याला स्टेशनात खरी मागणी आहे.

मुलाखत बंबाशेजारच्या बाकावर नको, पण लांबही नको. ड्यूटीवरच्या माणसाशी बोलत असाल तर घंटा होईल आणि तो अर्ध्या वाक्यात उठून जाईल. परत येईपर्यंत थांबा. परतल्यावर चेहरा धुऊन, चहा घेऊन तो जे बोलतो त्यासाठी रेकॉर्डर लावायचा की नाही, ते त्याला पुन्हा विचारा. आधीची परवानगी आधीच्या गप्पांची होती.

पहिल्या पाच मुलाखती झाल्या की प्रश्नांची यादी परत पाठवा. तोवर त्यातले निम्मे प्रश्न तुम्हीच खोडलेले असतील.